चंबू केलेले तोंड आणि कठड्यापलीकडचे पाय

साताऱ्याहून एका वडिलांचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"मी एका सहकारी बँकेत नोकरी करतो. मुलगा २२ वर्षांचा असून पुण्यात कामाला आहे, मुलगी १९ वर्षांची असून येथेच कॉलेजात शिकते. जुलैमध्ये एका रविवारी आम्ही चौघे सज्जनगड करून पुढे ठोसेघरला गेलो. गडावर पोहोचेपर्यंत मुलीने पायऱ्यांवर, महाद्वारात, उरमोडीच्या जलाशयाकडे पाठ करून, जागोजागी सेल्फी काढले. तोंडाचा चंबू, मान वाकडी, एकच फोटो पुन्हा पुन्हा. येणारे-जाणारे बघत होते. शेजारी चार मुलांचे एक टोळकेही फोटो काढत होते. ती मध्येच त्यांच्यापासून लांब सरकून तोंडावर ओढणी घेऊन उभी राहिली, तेव्हा मला ते आणखी एक नाटक वाटले आणि माझा तोल सुटला. 'लाज वाटत नाही का?' असे मी सर्वांसमोर ओरडलो. ठोसेघरला ती गाडीतून उतरलीच नाही. मुलाने तिथे कठड्यापलीकडे उतरून छान फोटो काढले, तेही तिने पाहिले नाहीत. तेव्हापासून माझ्याशी कामापुरते बोलते. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर फुले बघायला जायचे ठरते आहे, तर मी येणार नाही म्हणते. चारचौघांत कसे वागावे हे हल्लीच्या मुलींना कसे समजवावे? तिचा फोन काढून घ्यावा का?"

सप्रेम नमस्कार.

आपण मुलीसाठी जवळजवळ सगळे पत्र खर्ची घातले आहे आणि मुलासाठी एक वाक्य, आणि तेही कौतुकाचे. मुलगा कठड्यापलीकडे उतरला व त्याने छान फोटो काढले, असे आपण सहज लिहून गेलात. मला आधी त्या वाक्याविषयी बोलायचे आहे. मुलीकडे मी येणारच आहे, पण तिचे दुखावलेले मन आपल्या एका संभाषणाने बरेचसे सावरता येईल, आणि जुलै महिन्यात ठोसेघरच्या कड्यावरून सुटलेला पाय मात्र कोणालाच सावरता येत नाही, म्हणून हा क्रम.

ठोसेघरचा धबधबा खोल दरीत कोसळतो आणि तो समोरून, सुरक्षित अंतरावरून दिसावा म्हणून तिथे कठडे घालून जागा केलेली आहे. पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ धरते, वर तुषारांचा आणि धुक्याचा मारा असतो, आणि कडेच्या उंच गवताखाली घट्ट जमीन आहे की पावसाने मोकळी झालेली माती आहे, हे उभ्या माणसाला कळत नाही. कठडा बसवणाऱ्याने ही सगळी अनिश्चितता हिशेबात घेऊन थोडी जागा मागे सोडलेली असते. आपल्या मुलाने नेमकी तीच जागा वापरली.

सेल्फी काढताना शरीर काय करते ते एकदा नीट पाहा. फोन हाताच्या अंतरावर असल्यामुळे चौकटीत चेहराच जास्त भरतो. मागचा धबधबा पूर्ण यावा म्हणून माणूस हात लांबवतो, मग मान मागे घेतो, मग कंबरेतून मागे झुकतो आणि तरीही धबधब्याचा माथा कापला जातोय असे दिसले की अर्धे पाऊल मागे टाकतो. या सगळ्या वेळात पाठ दरीकडे असते, नजर पडद्यावर असते, एक हात फोनने अडकलेला असतो आणि शरीराचा भार टाचांवर गेलेला असतो. भरीस भर म्हणजे पुढच्या कॅमेऱ्याचे भिंग रुंद कोनाचे असते, त्यामुळे पाठीमागची गोष्ट आहे त्यापेक्षा लांब भासते. पडद्यावर कड्याची धार चांगली लांब दिसत असते आणि प्रत्यक्षात ती टाचेपाशी आलेली असते. डोळ्यांनी धोका दिसत असूनही त्याचे अंतर चुकते, आणि म्हणून एरवी शहाणीसुरती असलेली मुलेही इथे फसतात.

आता मुलगा आणि मुलगी यांच्यातल्या फरकाविषयी, कारण आपला प्रश्न 'हल्लीच्या मुलीं'विषयी आहे. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी जगभरच्या वृत्तपत्रांतील बातम्या गोळा करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात सेल्फी काढताना झालेल्या १३७ दुर्घटनांमध्ये २५९ माणसे गेल्याचे त्यांना आढळले. मृतांचे सरासरी वय २३ च्या आसपास होते आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. सर्वाधिक मृत्यू भारतातले होते. बुडणे हे पहिले कारण, त्यामागोमाग वाहने व रेल्वे आणि उंचावरून पडणे. याच अभ्यासकांनी असेही नोंदवले आहे की सेल्फी काढण्यात बायका पुढे असल्या तरी जिवावर उदार होऊन सेल्फी काढण्यात पुरुष पुढे आहेत. म्हणजे ज्या वयाच्या आणि ज्या लिंगाच्या माणसाची काळजी करायला हवी, तो आपल्या घरात २२ वर्षांचा आहे, आणि आपण त्याच्या फोटोंना छान म्हटले.

याचा अर्थ मुली सुरक्षित असा मुळीच घेऊ नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच रस्त्यावर, बोरणे घाटात, सेल्फी काढताना पुण्याची एक तरुणी दरीत कोसळली होती आणि स्थानिक बचाव पथकाने दोर सोडून तिला जिवंत वर काढले, हे आपल्याला साताऱ्यात राहून ठाऊक असेलच. त्या दिवसांत जिल्ह्यात मुसळधार पाऊस होता. सज्जनगडाहून ठोसेघरला जाताना आपण त्याच घाटातून गेलात.

मुलगे असे का वागतात, याचे उत्तर मला त्यांच्या भोवतालच्या आवाजात सापडते. मुलींचा घोळका फोटो काढतो तेव्हा बहुधा एक जण काढते, बाकीच्या लगेच डोकी एकत्र करून फोटो बघतात, कोणाचे डोळे मिटले, कोणाचे केस उडाले यावर चर्चा होते, फोटो पुसला जातो आणि पुन्हा काढला जातो. आपल्याला कंटाळवाणा वाटलेला 'एकच फोटो पुन्हा पुन्हा' हा प्रकार असा चालतो आणि त्यात कोणीतरी 'अगं, पुढे ये, पडशील' असे म्हणणारी निघते. मुलांच्या घोळक्यात फोटो एकदाच काढायचा असतो, तो रुबाबाचा असावा लागतो आणि 'अजून मागे जा, काही होत नाही' असे म्हणणारे चार जण हजर असतात. मागे जायला नकार देणाऱ्याला दिवसभर टोमणे ऐकावे लागतात. तिथे फोटो हा धाडसाचा दाखला असतो, आणि दाखला मागणारे लोक समोर असेपर्यंत तो दिला जातो. दाखला मागणाऱ्यांत वडीलही असू शकतात. ठोसेघरला मुलगा पलीकडे उतरला तेव्हा आपण अलीकडून काय म्हणालात, हे आपल्यालाच माहीत आहे.

आता मुलगी. तिचा चंबू आपल्याला इतका का खुपला, याचा मी विचार केला. आपल्या पिढीने पोझ दिली नाही असे तर नाही. लग्नाच्या किंवा ओळखपत्राच्या फोटोसाठी स्टुडिओत गेलेल्या प्रत्येकाला 'हनुवटी वर, मान थोडी डावीकडे, खांदे सैल सोडा' हे ऐकावे लागले आहे आणि पाठीमागे पडद्यावर रंगवलेली बागही असायची. ती सगळी तयारी बंद दाराआड व्हायची आणि जगाला दिसायचा तो फक्त तयार फोटो. आता तयारी रस्त्यावर होते व फोटो फोनमध्ये राहतो, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाट्याला नुसती तयारीच येते, आणि कोणाचीही तयारी बघणाऱ्याला विचित्रच दिसते. शिवाय त्या वाकड्या मानेला आणि उंच धरलेल्या फोनला कारणही आहे. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक हे पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवले आहे. मुलींनी हे गणित न वाचताच हाताने सोडवलेले असते; फोन वर आणि तिरपा धरून त्या चेहरा आपल्याला हवा तसा आणतात. मुलगे उलट फोन छातीपाशी खाली धरून खालून वर फोटो काढतात, म्हणजे उंची आणि जबडा दोन्ही भक्कम दिसतात. साताऱ्यात पोवई नाक्यावर लागणाऱ्या वाढदिवसाच्या कोणत्याही फ्लेक्सवर नजर टाकलीत तर काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या पुरुषांनी पोझ देण्यात काही कमी केले आहे असे वाटणार नाही. त्यांना कोणी लाज विचारत नाही.

आपली तक्रार सगळीच निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर गुडघे धरून चढणारी वयस्कर माणसे असतात आणि कोणी मध्येच फोन उंचावून उभे राहिले तर त्यांना थांबावे लागते. महाद्वाराच्या तोंडाशी वाट अडवणे, समाधी मंदिरात रांगेत असताना पाठ फिरवून फोटो काढणे, फोटो काढू नये अशी पाटी असताना फोन चोरून वर करणे, रीलसाठी मोठ्याने गाणे लावणे, या गोष्टी कोणी केल्या तरी त्या चुकीच्याच आहेत. मुलीने यांतले काही केले असते तर ते आपण पत्रात पहिल्याच ओळीत लिहिले असते, असा माझा अंदाज आहे. आपण लिहिले ते एवढेच की लोक बघत होते. ती इतरांना त्रास देत होती का, स्वतःला धोक्यात घालत होती का आणि आपल्याला संकोच वाटत होता का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. आपण तिसऱ्याचा राग पहिल्या दोघांच्या नावाने काढलात.

एका गोष्टीवर मात्र मला थांबणे भाग आहे. आपली मुलगी त्या चार मुलांपासून लांब सरकली आणि तिने ओढणी तोंडावर घेतली. आपल्याला ते नाटक वाटले. मी तिथे नव्हते, म्हणून खात्रीने बोलणार नाही, पण पर्यटनस्थळी वावरणाऱ्या बहुतेक मुलींना एक प्रकार ठाऊक असतो: मुलगा फोन समोर धरून आपलाच सेल्फी काढत असल्याचे दाखवतो, त्याचा चेहरा चौकटीच्या कडेला असतो आणि चौकटीच्या मध्ये पाठीमागची अनोळखी मुलगी. ती जागा बदलते तसा तोही वळतो. मोठ्या माणसांच्या हे ध्यानातही येत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला सेल्फी काढणारा एक मुलगा एवढेच दिसते. असे काही झाले असेल तर मुलीने स्वतःपुरता जो बचाव केला, त्याच क्षणी वडिलांनी तिलाच 'लाज वाटत नाही का' असे विचारले. ती गाडीतून का उतरली नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगते. सार्वजनिक ठिकाणी कोणी ओघाने कोणाच्या फोटोत येणे हा गुन्हा नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द, हावभाव किंवा कृती, तसेच त्या हेतूने तिच्या खासगीपणावर केलेले आक्रमण यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, आणि नको म्हणूनही मागे मागे फिरत राहणे हा कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरतो. पुढे कधी असे दिसले तर मुलांच्या हातातला फोन हिसकावू नये, हातघाईवर येऊ नये. 'आमची मुलगी फोटोत येते आहे, तो फोटो दाखवा आणि पुसून टाका' असे स्पष्ट, मोठ्या आवाजात सांगावे. चार माणसे वळून बघतात आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. न भागल्यास ११२ क्रमांकावर फोन करावा. आपल्या जिल्ह्यात पोलिसांचे निर्भया पथकही याच कामासाठी आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे. मुलीशी आपण स्वतः बोलावे, आईकरवी निरोप पाठवू नये. 'मी सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा केला, ते मी करायला नको होते' एवढे वाक्य पुरेसे आहे आणि त्यापुढे 'पण तूही' हे शब्द येऊ देऊ नयेत. ते आले की आधीचे वाक्य वाया जाते. त्यानंतर तिला विचारावे की त्या मुलांपासून ती लांब का गेली होती. उत्तर लगेच मिळेलच असे नाही. मिळाले आणि ते मी वर लिहिल्यासारखे निघाले, तर 'मला तेव्हाच का नाही सांगितलेस' असे विचारू नये, कारण सांगण्याजोगी परिस्थिती त्या वेळी आपणच ठेवली नव्हती. पायरी अडवू नये, देवळात फोन आत ठेवावा, असे काही सांगायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशी, चहा घेताना आणि दोन्ही मुलांना मिळून सांगावे.

मुलाशी बोलणे अधिक अवघड जाईल, कारण त्याचे आधी कौतुक झाले आहे. त्याला पुण्याला फोन करून सरळ सांगावे की ते फोटो मला आवडले होते, आता त्यांच्याकडे बघून पोटात गोळा येतो, आणि कुटुंबासोबत असताना कठडा ओलांडायचा नाही. 'तुला जपून राहायला हवे' अशी मोघम भाषा २२ वर्षांचा मुलगा ऐकून सोडून देतो. 'कठड्याच्या पलीकडे पाय नाही' ही अट त्याला समजते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि घाटातल्या जागा बंद ठेवण्याचे आदेश काढते, ते मोडल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो, हेही त्याच्या कानावर घालावे. आणि त्याने ते फोटो कुठे टाकले असतील तर त्यांखाली आपण दिलेला अंगठा काढून घ्यावा. यावर आपण हसाल, पण त्याला ते भाषणापेक्षा लवकर कळेल.

कासचा बेत मोडू नका. तिथे पडण्याचे भय ठोसेघरइतके नसले तरी सेल्फीचा उपद्रव वेगळा आहे. पठारावर कातळाच्या अंगावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यावर उगवणारी तेरडा, सीतेची आसवे यांसारखी बरीचशी रोपे एका पावसाळ्यापुरती जगतात. बी धरण्याआधी ती बसून, लोळून चिरडली गेली तर त्या जागी पुढच्या वर्षी काय उगवणार? २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून गर्दी वाढली आणि फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढण्याची हौसही. यात मुलगे-मुली असा भेद मला दिसत नाही. नवी जोडपी, मुलाबाळांचे आईबाप, साडी सावरत फुलांत उतरणाऱ्या मावश्या, सगळेच त्यात असतात. शनिवार-रविवार टाळून आगाऊ नोंदणी करावी, पायवाट सोडू नये आणि वन विभागाच्या किंवा पठाराची देखरेख करणाऱ्या समितीच्या माणसाने हटकले तर वाद घालू नये.

तिथे आपण एक काम अंगावर घ्यावे, फोटो काढण्याचे. चार-पाच पावलांवरून, मागच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत मुलीचे नाक आहे तेवढेच येईल, पठारही मावेल, कोणाला मागे सरकावे लागणार नाही आणि काढणाऱ्याला तिच्या पाठीमागे कोण उभे आहे हेही दिसेल. एकावर थांबू नका, काही काढा. पहिल्यात तिचे डोळे मिटलेले असणारच, वारा तिथे भरपूर असतो. तिने बघून पुन्हा काढा म्हटले तर पुन्हा काढावा. ती तरीही नाही आली, तर या वर्षी तिघांनी जाऊन यावे आणि तिच्यावर रुसू नये.

फोन काढून घेण्याविषयी विचारलेत. घेऊ नये. ती सज्ञान आहे, तिच्या कॉलेजच्या सूचना, मैत्रिणी, बँकेचे व्यवहार सगळे त्यात आहे, आणि एखाद्या दिवशी अंधार पडल्यावर एसटी चुकली तर घरी कळवायलाही तिच्याजवळ तोच असणार. त्या वेळी तिने पहिला फोन आपल्याला लावावा असे वाटत असेल, तर वर सांगितलेले बोलणे कासची वाट न पाहता याच आठवड्यात उरकावे.